बदलीची नोंद

त्या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं: ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे. हात लावू नये.’ पाच वर्षं मी ती ओळ रोज पाहत होते आणि पाच वर्षं मी हात लावला नाही. कोणीच लावत नव्हतं. एक्केचाळीस हजार ओळी, त्याही यंत्राने लिहिलेल्या. त्या वाचायला बसण्याइतकं वेडं आमच्या ऑफिसात कोणी नव्हतं. 

आधी माझं काम सांगते, कारण ते कोणालाच कळत नाही आणि लोक ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून मोकळे होतात. यंत्रांमध्ये एक छोटी चिप असते. माणसं जो प्रोग्रॅम लिहितात तो त्या चिपला कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. आम्ही कंपायलर बनवायचो, पण तोसुद्धा हाताने लिहायचो नाही. चिपला जे जे हुकूम कळतात, त्या प्रत्येक हुकमाची एक नोंद करायची: नाव काय, नंबर काय, काय घेतो, काय देतो, कुठल्या कामासाठी वापरायचा. कसं करायचं हे त्यात कुठेच नसतं. फक्त काय आहे एवढंच. अशा तीनशे-चारशे नोंदी यंत्राला दिल्या की सहा मिनिटांत ते कंपायलरचा मजकूर स्वतःच लिहून काढतं. गिरणीतल्या हजेरीपटासारखंच. पटावर नावं नीट असली की पाळी आपोआप चालते.

गिरणीचा दाखला मला सुचणारच. आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात होतं. बाबांच्या गिरणीत नव्हे, शेजारच्या. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला ती बाबांचीच गिरणी असावी असं फार वाटत असतं आणि ‘नाही’ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो.

माझे बाबा, सीताराम धुरी, साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, अकरा वर्षं बदली कामगार होते. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणाचा खाडा पडला, की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवील त्याने त्या माणसाच्या मागावर उभं राहायचं. तो परत आला की बाजूला व्हायचं. बोट कोणाकडे वळणार ते जॉबरच्या मर्जीवर, आणि कुरकुर करणाऱ्याकडे ते कधीच वळत नसे. ब्याऐंशीच्या जानेवारीत बाबांचं नाव कायम होणार होतं आणि त्याच महिन्यात संप झाला. पुढे गिरणी उघडली तेव्हा कायमवाल्यांनाच कोणी विचारत नव्हतं, तिथे बदलीवाल्याला कोण विचारणार? बाबा मग हिंदमाताला एका साडीच्या दुकानात घड्या घालायला राहिले आणि म्हातारे होईपर्यंत घड्याच घालत राहिले.

मला त्यांनी लहानपणापासून एकच धडा दिला: कामावर तोंड मिटून राहायचं. मी तशी तोंडाळ, पण हा धडा मात्र मी पाळला. त्यांचे एक जुने सोबती होते, साताऱ्याकडचे कोंडीरामकाका. काकांचा डावा डोळा गिरणीत गेला होता. दर दिवाळीला ते शेंगा घेऊन लालबागला आमच्या खोलीवर यायचे. ते आले की बाबा चहा ठेवायला म्हणून स्टोपाशी जायचे आणि काका उठेपर्यंत तिकडेच पाठ करून बसायचे. मला वाटायचं, बाबांना शेंगा आवडत नसाव्यात.

आता माझी चूक सांगते. हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही एका सिरिंज पंपाच्या चिपसाठी कंपायलर करत होतो. ऑपरेशन झालेल्या पेशंटला थेंबाथेंबाने औषध देणारं हे मशीन. त्या चिपमध्ये वजाबाकीचा एक खास हुकूम होता: उत्तर शून्याच्या खाली जायला लागलं तर शून्यावरच थांबायचं. त्याची पूर्ण माहिती चिपवाल्यांकडून यायची होती, आणि ती नोंद नसल्याने यंत्र पुढे जाईना. सगळी टीम अडून बसली. मग मी त्या जागी एक तात्पुरती नोंद उभी केली. आत साधी वजाबाकी, थांबाबिंबायचं काही नाही. आमच्यातली बाकीची मुलं अशा नोंदीला डमी किंवा टेंप असं नाव देत. मी नाव दिलं बदली. आमच्या घरात दुसऱ्याच्या जागी तात्पुरतं उभं राहणाऱ्याला तेच म्हणतात. मला तेव्हा जरा कौतुकही वाटलं होतं स्वतःचं.

महिन्याभराने माहिती आली. मी खऱ्या हुकमाची नोंद लिहिली, खाली जोडली, आणि वरची बदली काढायला विसरले. दोन नोंदी एकाच कामावर दावा करायला लागल्या तर यंत्र तक्रार करत नाही. जी पटावर आधी आहे तिला उभं करतं. कायमवाला गेटवर उभा आणि बदली मागावर, असा उलटा प्रकार झाला. माल पाठवण्याआधी डमी, टेंप, टेस्ट या नावाच्या नोंदी शोधून काढणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे होता. त्याने चोख शोध घेतला. त्याला बदली म्हणजे काय ते कुठून माहीत असणार?

जूनमध्ये अकरा पंप वापरून बघायला बाहेर गेले. तीन परळच्या एका हॉस्पिटलात होते. तिथे मी आमच्या लोकांबरोबर दोनदा जाऊन आले, राधा सिस्टरची ओळख झाली, आणि त्याच ओळखीवर सप्टेंबरात बाबांना आतड्याच्या ऑपरेशनसाठी तिथे खाट मिळाली. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आम्ही दोघंच. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिली गोष्ट काय केली, तर उशाशी लावलेल्या पंपाकडे बोट करून शेजारच्या खाटेवरच्या काशीबाईंना लेकीचं कौतुक सांगितलं, “ह्या माझ्या चेडवाचा मशीन.” ऑपरेशननंतरचा वॉर्ड बायका-पुरुषांचा एकच होता. काशीबाई शीव कोळीवाड्याच्या, पोटाला पट्टा बांधलेला, तरी आवाज बाजारातला. त्या म्हणाल्या, “मग माझ्या मशीनलापण सांग बाय, जरा जोरात चाल म्हणावं.” बाबा हसले, टाके दुखले, आणि मी दोघांवरही ओरडले.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहाला मी वॉर्डात होते. राधा सिस्टर सिरिंज भरत होती. “आज दोघी रजेवर आहेत गं, मी एकटी कुठे कुठे धावू? दोन वेळचं एकातच भरून टाकते. पहिला डोस चारला संपेल, मशीन आपोआप थांबेल, मग मी दुसरा चालू करीन.” औषध दुखणं मारणारं होतं, जास्त गेलं तर श्वास थांबवणारं. मी म्हटलं, “थांबेल की.” अगदी असंच म्हटलं मी.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी ऑफिसात एका नव्या गिऱ्हाइकासाठी सगळ्या नोंदींची यादी अक्षरांप्रमाणे लावत होते. बी अक्षरापाशी ते नाव दिसलं. आधी हसूच आलं, अरे ही अजून इथेच? मग हसू जिथल्या तिथे थिजलं. मी ती फाइल उघडली, हात लावू नये लिहिलेली, आणि त्या वजाबाकीची जागा शोधली. तिथे साधी वजाबाकी होती.

पंप कसा चालतो ते मला पाठ होतं. द्यायचं किती त्यातून गेलं किती ते वजा करत राहायचं. शून्य आलं की थांबायचं. पण शेवटचा थेंब नेमका मापात बसत नाही, किंचित जास्तच जातो, आणि उत्तर शून्याच्या खाली घसरतं. त्या चिपला उणे एक कळत नाही. स्कूटरचा मीटर शून्यावरून उलटा फिरवला की सगळे नऊ दिसावेत, तसा तिथे एकदम पासष्ट हजारांचा आकडा येतो. पंपाला वाटतं, अरे बापरे, एवढं द्यायचं राहिलंय, आणि तो सिरिंजमध्ये असेल नसेल ते पूर्ण वेगाने ढकलतो. आमच्या चाचण्यांत हे कधी दिसलं नाही, कारण जेवढं द्यायचं तेवढंच आम्ही सिरिंजमध्ये भरायचो, आणि एरवी वॉर्डातही तसंच भरत. शून्यानंतर ढकलायला आत काही उरतच नसे. आज बाबांच्या सिरिंजमध्ये अख्खा एक डोस उरणार होता.

मी वॉर्डाचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. राधा सिस्टरचा मोबाइल बंद, कामावर ती तो कपाटात ठेवते हे मला माहीत होतं. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवरच्या माणसाने “होल्ड करा” म्हणून जे सोडलं ते सोडलंच. 

आमचा मॅनेजर रमाकांत चांगला माणूस होता, हे मी आजही म्हणेन. गिरगावातला, शांत, कधी आवाज न चढवणारा. मी त्याला स्क्रीन दाखवला. त्याने दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “सुभद्रा, आधी आपण हे कन्फर्म करू. तू कोणाला काही बोलू नकोस. मेलसुद्धा टाकू नकोस. क्लायंटला अर्धवट कळलं तर सगळंच संपलं.”

“माझे बाबा त्या मशीनवर आहेत.”

“मग तू जा ना,” तो म्हणाला. “तू जा. पण तोंडी काही बोलू नकोस, एवढंच.”

तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. लालबागच्या पुलाचं काम चालू होतं, रस्ते खणलेले, टॅक्सीवाले हात करूनही थांबेनात. मी चालत सुटले, मग पळत. करीरोडचा पूल चढताना छाती फुटेल असं वाटलं. भारतमाता थिएटरपाशी खड्ड्याला पत्रे लावून रस्ता अडवला होता. एका वेळी एक माणूस जाईल एवढीच फट, आणि समोरून गोदरेजचं कपाट घेऊन दोन हमाल येत होते. मी त्यांना शिव्या दिल्या. ते बिचारे कपाटासकट उभे राहिले. भीती म्हणजे काय ते मला त्या फटीत कळलं. छातीत धडधडतं ते काहीच नाही. आपण थांबलोय आणि तिकडे आपलंच काहीतरी, आपण नेमून दिलेलं, ठरल्या वेळेला चालूच आहे, ही खरी भीती. त्या पंपाला थांबायला मीच शिकवलं नव्हतं.

वॉर्डात शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला चार मिनिटं होती. टेबलावरचा फोन रजिस्टरच्या ढिगाखाली तिरका पडला होता, रिसीव्हर अर्धा उचललेला. बाबा डोळे मिटून पडले होते. पंपावर आकडा होता, शून्य पूर्णांक तीन. मी आधी नळीची चिमटी दाबून बंद केली, मग पंपाचं बटण दाबलं, मग वायर ओढली. पंप किंचाळायला लागला. काशीबाईंच्या पंपाकडे धावले तर राधा सिस्टरने माझा दंड धरला.

“अगं वेडी झालीस का? डॉक्टरांना न विचारता? हात काढ आधी!”

“बंद कर! तिन्ही बंद कर!” मी ओरडले. “ते थांबणार नाही. शून्यावर थांबणार नाही ते. उरलेलं सगळं आत ढकलील.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा दंड सोडला. काशीबाईंचा बंद केला, कोपऱ्यातल्या खाटेवरचा बंद केला. मग तिने बाबांची नाडी धरली, श्वास मोजला, आणि मान हलवली. ठीक होते. मी खाटेच्या कडेला बसले. राधा सिस्टरने फोनचा रिसीव्हर नीट ठेवला आणि त्याच क्षणी माझा मोबाइल वाजला. रमाकांत.

“वडील कसे आहेत?”

“ठीक आहेत.”

“थँक गॉड. हे बघ, तू आता घरी जा. उद्या नवी व्हर्जन काढू, रूटीन अपडेट म्हणून सगळीकडे पाठवू. कोणाला काही कळायची गरज नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे.”

खरं सांगते, मला ते पटलं. चार दिवस. बाबा वाचले होते, आणि त्या क्षणी माझ्या मनात दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती. मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. समोर बाबा डोळे उघडून माझ्याकडे बघत होते.

“काय झाला गो?”

मी सांगितलं. त्यांना कंपायलर कळणार नव्हता, म्हणून पटावरचं सांगितलं: बदलीला उभं केलं, कायमवाला आला, आणि बदलीचं नाव खोडायचं राहिलं. ते त्यांना लगेच कळलं. जास्तच कळलं.

“आजून किती जणांक लावलीत ती मशिना?”

“आठ आहेत बाहेर. चार दिवसांत दुरुस्त करणार आहेत. तुम्ही पडा बघू. तुम्हीच म्हणता ना, तोंड मिटून राहायचं.”

बाबांनी नजर छताकडे वळवली. मग बोलले ते इतक्या हळू, की मला वाकावं लागलं.

“कोंडीरामाच्या साच्यावर मी दोन दिवस बदली होतंय. सूत नेणारो धोटो मागाच्या भायर उडत होतो. दोनदा माझ्या कानाकडसून गेलो. तेका अडवणारो पुढचो गज वाकलेलो, तां माका दिसलेला. जॉबराक सांगूक होया होता. पण बदलीवालो बोललो तर दुसऱ्या दिवशी तेका कोण उभो करता? मी बोललंय नाय. तिसऱ्या दिवशी कोंडीराम कामार इलो.” त्यांनी चादरीची कड दुमडली. “सकाळीच तेचो डोळो गेलो.”

शेंगा, स्टो आणि ती वळवलेली पाठ, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. ज्या माणसाचा धडा मी तीस वर्षं पाळला, तो धडा त्याने शहाणपणातून नव्हे, लाजेतून दिला होता. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला.

“फोन लाव,” बाबा म्हणाले.

आठ नंबर माझ्या डायरीत होते. राधा सिस्टरने तिच्या टेबलावरचा फोन पुढे सरकवला. मी लावत गेले. पंप बंद करा, नळी आधी चिमटा, मग बंद करा, हो, मी जबाबदारीने सांगते, हो, चूक आहे, हो, आमचीच. पहिल्या ठिकाणी पंप खोक्यातच होता. दुसऱ्या ठिकाणी मला आधी खोटी समजले, मग राधा सिस्टरने फोन घेऊन दरडावलं. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक ‘बंद केला’ ऐकून मी डायरीत खूण करत होते, आणि प्रत्येक खुणेबरोबर बाबा खाटेवरून मान हलवत होते. मधेच रमाकांतचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. सातवा झाला. काशीबाई म्हणाल्या, “झालं ना बाय, पाणी पी आता.”

आठवं शीवच्या पुढचं एक छोटं नर्सिंग होम होतं. फोन एका बाईने उचलला. मी ठरलेलं सगळं बोलले.

“ते मशीन? ते सकाळीच काढून ठेवलं,” ती म्हणाली. “तो पेशंट गेला ना.”

“कशाने?”

“हार्ट बंद पडलं. झोपेतच गेले. घरचे घेऊनपण गेले.”

मला विचारायचं नव्हतं. पण तोंडाने विचारलं. “सिरिंजमध्ये दोन वेळचं औषध भरलं होतं का?”

“हो, मग? आमच्याकडे स्टाफ कुठे आहे सारखं भरायला?” मग ती थबकली. “का हो?”

तिला काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं, घरच्यांना नव्हतं. त्यांनी ते नशीब म्हणून उचललं होतं आणि नेलं होतं. मी फोन ठेवला असता तर ते कायमचं नशीबच राहिलं असतं. एक्केचाळीस हजार ओळींत माझं नाव कुठेही नव्हतं.

“त्यांचं नाव काय होतं?” मी विचारलं.

“विठोबा. विठोबा म्हात्रे. वय एकसष्ट.”

मी लिहून घेतलं. नाव, वय, किती वाजता. पेन कागदावर नीट चालत होतं, याचीच मला भीती वाटली. बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि तोंड फिरवलं नाही. तसेच बघत राहिले.

“पण तुम्ही कोण बोलताय?” पलीकडून ती बाई विचारत होती. “कंपनीतून का? कोणाच्या वतीने?”

“कोणाच्या वतीने नाही,” मी म्हणाले. “सुभद्रा सीताराम धुरी. ते मशीन का थांबलं नाही ते मला माहीत आहे. मला त्यांच्या घरचा पत्ता द्या.”